मदत हवी आहे: जुन्या केसचा कोर्टाचा कागद कसा मिळवायचा?

मंडळी, अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज (फॉर्म एन-४००) भरतोय. २०११ मध्ये कॅलिफोर्नियात माझ्यावर रेकलेस ड्रायव्हिंगची केस झाली होती, पुढे डिसमिस झाली. तरी कोर्टाचं सर्टिफाइड डिस्पोझिशन (केसचा शेवट काय झाला याचा सही-शिक्क्याचा कागद) लागतंच. हाताशी फक्त पोलिसांनी दिलेल्या तिकिटाची (चलनाची) पिवळी कॉपी, केस नंबर पुसट, शेवटचे दोन आकडे तर गायबच. काउंटीच्या सुपिरियर कोर्टाच्या साइटवर नावाने शोधलं, काही नाही. आडनावाचं स्पेलिंग तेव्हा चुकवलं असणार (‘क्षीरसागर’ म्हटल्यावर काय होणार!). क्लार्क जन्मतारखेवरून शोधून देतात का? मी आता टेक्ससला राहतो. अर्ज पोस्टाने चालतो की जावंच लागतं? आणि मिसडिमीनरच्या (कमी गंभीर गुन्ह्यांच्या) जुन्या फायली कोर्ट नष्ट करतं म्हणे. तसं असेल तर ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असं सही-शिक्क्याचं पत्र कुणी घेतलंय का?