मदत हवी आहे: नवीन टँकमधले मासे मरतायत, कुणाबरोबर कुठला मासा ठेवायचा?

धायरी_फाटा (बुधवार, सकाळी ९:१०)
लवकर सांगा कुणीतरी. शनिवारी टँक आणला, मुलीचा वाढदिवस होता. दुकानदाराने घरी येऊन सगळं बसवून दिलं, मासे पण त्यानेच निवडले, सगळे एकत्र राहतात म्हणाला. सोमवारी सकाळी एक गोल्डफिश मेलेला, काल रात्री अजून एक. उरलेले वर येऊन तोंड उघडबंद करतायत. एंजलफिश मारतोय बहुतेक, तोच मोठा आहे. कुठला काढू आणि त्याच्या जागी कुठला आणू? मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी टँकपाशी जाते, आज तिला काय सांगू. फक्त माशांची यादी द्या, बाकी टँक व्यवस्थित आहे.

कोथरूड_टँकवाला
टँक केवढा? मासे कुठले, किती? फिल्टर कुठला? पाणी कॉर्पोरेशनचं की बोअरचं? हे सांगितल्याशिवाय कुणी काही सांगू शकणार नाही.

धायरी_फाटा
मध्यम आहे टँक. फिल्टर आहे. पाणी स्वच्छ आहे, काल परत पूर्ण बदललं.

कोथरूड_टँकवाला
मध्यम म्हणजे किती? टेप लावा दादा. आणि "परत" पूर्ण बदललं म्हणजे याआधी पण बदललेलं?

ईशान्य_कोपरा
टँक कुठल्या दिशेला ठेवलाय? ईशान्य किंवा उत्तर पाहिजे आणि मासे नऊ, आठ सोनेरी आणि एक काळा. काळा मासा घरावरचं संकट स्वतःवर घेतो. आमच्याकडे बारा वर्षं असंच आहे, कधी त्रास नाही.

निळी_शाई
नऊ गोल्डफिश ठेवायला किती लिटरचा टँक लागतो माहितीये का? एक गोल्डफिश सहा-आठ इंच होतो आणि घाण पण तेवढीच करतो. कृपा करून नवीन माणसाला हे सांगू नका.

ईशान्य_कोपरा
श्रद्धेचा भाग आहे, ज्याला पटेल त्याने घ्यावं. आमचा टँक चार फुटी आहे.

धायरी_फाटा
मी दादा नाही, ताई. मोजला. २ बाय १ बाय १ फूट. गोल्डफिश ४ होते आता २, एंजल २, टायगर बार्ब ४, एक सकर. सोमवारी पहिला मेला म्हणून सगळं पाणी काढून खडे नळाखाली धुतले, काल परत तेच केलं. तरी आज पाणी दुधासारखं पांढरट दिसतंय. फिल्टर टँकच्या आत बसतो तसला आहे, रात्री घरघर करतो म्हणून झोपताना बंद करतो. आता सांगा एंजल काढू ना?

कोथरूड_टँकवाला
ताई, तुमचे मासे एंजलने मारले नाहीत. पाण्याने मारले.

२ बाय १ बाय १ म्हणजे खडे आणि वरची मोकळी जागा सोडून जेमतेम ५० लिटर पाणी, त्यात ११ मासे एकाच दिवशी सोडले. माशाच्या शी-सूमधून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर बॅक्टेरिया असतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, पाणी बदलून निघून जातं. हे बॅक्टेरिया जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. तुमचा टँक शनिवारचा. जे काही चार जमले असतील ते तुम्ही नळाखाली धुतले आणि फिल्टर बंद केला की उरलेले पण गुदमरतात. रात्री फिल्टर अजिबात बंद करायचा नाही.

सिंहगड_रोडवरून
+१. पांढरट पाणी नव्या टँकला दिसतंच, घाबरू नका आणि त्यासाठी पाणी उपसू नका. पाणी कुठलं ते तुम्ही अजून सांगितलंच नाही.

धायरी_फाटा
सोसायटीचं. टँकर येतो, खालच्या टाकीत साठवतात, वॉचमन त्यात पावडर टाकतो.

सिंहगड_रोडवरून
ती ब्लीचिंग पावडर! म्हणजे क्लोरीन. तेच पाणी डायरेक्ट ओतलं? माशांच्या कल्ल्यांना भाजतं ते, आणि बॅक्टेरिया पण मरतात. दुकानात अँटिक्लोरीनचे खडे किंवा बाटली मिळते, पाणी टँकमध्ये घालायच्या आधी बादलीत मिसळायचं. काहीच नसेल तर बादली निदान २४ तास उघडी ठेवा.

आप्पांचा_हौद
मूठभर खडे मीठ टाका. आमच्याकडे कुठलाही मासा आजारी पडला की मीठ. चाळीस वर्षं हेच करतोय.

निळी_शाई
काका, मीठ नायट्राइटच्या त्रासाला थोडं उपयोगी पडतं, अमोनियाला नाही. इथे अडचण अमोनियाची आहे. मूठ म्हणजे किती ग्रॅम ते पण कुणाला कळत नाही.

आप्पांचा_हौद
आमच्या वेळी टेस्ट किट नव्हते, मासे जगायचेच. संभाजी बागेतल्या मत्स्यालयात तासन्‌तास उभे राहून शिकलो आम्ही.

कोथरूड_टँकवाला
ते मत्स्यालय आठवतंय! वडील रविवारी न्यायचे, बाहेर भेळ. पण काका हौदातलं पाणी आणि ५० लिटरचा काचेचा टँक यात फरक आहे, हौदात अमोनिया पातळ होतो, शेवाळ पण खातं त्याला.

हिरवी_पाती
मी म्हणेन फिल्टरच नको. खाली मातीचा थर, वर वाळू, भरपूर झाडं, वॅलिस्नेरिया हायड्रिला काहीही, पाणी झाडंच साफ करतात. माझा असा टँक तीन वर्षं मस्त चाललाय.

निळी_शाई
तिचे मासे आत्ता वर येऊन श्वास घेतायत आणि तुम्ही माती घालायला सांगताय.

कोथरूड_टँकवाला
ताई, आत्ता काय करायचं ते ऐका. फिल्टर चालू, त्याचं तोंड पाण्याच्या वरच्या पातळीपाशी म्हणजे पाणी हलत राहील. आज पाव टँक पाणी बदला, अँटिक्लोरीन घालून, उद्या परत पाव. खडे धुवायचे नाहीत. दोन दिवस खाणं बंद, नंतर एक चिमूट. अमोनिया तपासायचं लिक्विड किट आणा, त्याच्या नळीत टँकचं पाणी घेऊन थेंब टाकल्यावर पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं की अमोनिया आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. गोल्डफिशला गार पाणी लागतं, एंजलला २५-२६ डिग्री, म्हणजे पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री हीटर पाहिजे. दोघांपैकी एकाचे हाल होणारच. टायगर बार्ब शेपट्या आणि पर कुरतडतात, नीट बघा, एंजलच्या पोटाखालचे लांब दोरे शाबूत आहेत का.

धायरी_फाटा (रात्री ८:४०)
बघितलं. एकाचा दोरा अर्धा तुटलाय, दुसऱ्याच्या वरच्या पराला खाच पडलीये. आणि मी त्यालाच गुन्हेगार समजत होते. किट आणलं, नळीतलं पाणी गडद हिरवं झालं. पाव पाणी बदललं. मुलीला सांगितलं पाणी आजारी आहे.

सिंहगड_रोडवरून
ताई, माझ्याकडे चालू टँकमधला वर्षभराचा स्पंज आहे, अर्धा कापून देतो, तुमच्या फिल्टरमध्ये घाला. बॅक्टेरिया तयार मिळतील. ओला ठेवून न्या, वाळू देऊ नका, आणि पुढे कधीही स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. गोल्डफिश पण मला द्या, माझा चार फुटी आहे, नुसत्या गोल्डफिशचाच.

भिगवणचा_भाचा
सकर आत्ताच परत करा, फूटभर वाढतो. पण कंटाळा आला म्हणून नदीत किंवा तळ्यात सोडू नका. उजनीत हा मासा एवढा झालाय की जाळ्यात तोच अडकतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, बाजारात कुणी घेत नाही. मामाचं जाळं मी स्वतः सोडवलंय, हात सोलतो.

ईशान्य_कोपरा
मग काळा मासा कुठला ठेवणार? ब्लॅक मोली चालेल का?

निळी_शाई
चालेल, पण त्यांना जड पाणी आवडतं आणि पिल्लं थांबत नाहीत.

धायरी_फाटा (पुढच्या बुधवारी)
उशिरा लिहितेय. स्पंज आणला, गोल्डफिश सिंहगड रोडला पोचले. टायगर बार्ब आणि सकर दुकानदाराने परत घेतले, पैसे नाही दिले, राहू दे. आता फक्त दोन एंजल आणि हीटर. त्यांना पण देणार होते पण मुलीने दोघांना नावं ठेवलीयेत. कालपासून ते वर येत नाहीत, खाणं टाकलं की समोर येतात. अमोनियाचं पाणी आज फिकट पिवळट हिरवं. नायट्राइटचं मात्र जांभळं आलं, हे वाईट का?

कोथरूड_टँकवाला
तुमच्यासाठी चांगली खूण आहे, पहिले बॅक्टेरिया कामाला लागले. माशांसाठी अजून त्रासाचं आहे म्हणून पाव पाणी रोज चालू ठेवा, खाणं दिवसाआड. आणि हो, आप्पाकाकांचं मीठ आत्ता चालेल, १० लिटरला एक सपाट चमचा, आयोडीन नसलेलं, आधी विरघळवून.

आप्पांचा_हौद
सांगत होतो ना.

धायरी_फाटा
घालते. चेरी बार्ब सहा आणायचेत, मुलीला लाल हवेत. एंजलबरोबर चालतील? या रविवारी आणू का?

कोथरूड_टँकवाला
चेरी बार्ब शांत असतात, पूर्ण वाढलेले बघून घ्या, तिळाएवढे नको, नाहीतर एंजल उद्या मोठा झाला की गिळेल. वर्षभरात एंजललाच दीड फूट उंच टँक लागेल ते पण धरून चाला. पण या रविवारी नाही. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही नळ्या सलग आठवडाभर शून्य दाखवू देत, मग तीन आणा, दहा दिवसांनी उरलेले तीन.

धायरी_फाटा
बरं. कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, रोज नळीचा रंग मुलगीच बघते.