मदत हवी आहे: ऑफिसचे जुने कॉम्प्युटर शाळेला द्यायचेत, हार्डडिस्कचं काय करू?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका सीए ऑफिसात काम करते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमची मशीन सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेलची, विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. नवी आली, जुनी नऊ मशीन आमच्या सरांना त्यांच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला द्यायची आहेत.

घोडं अडलंय डेटावर. टॅलीचे बॅकअप, क्लायंटचे पॅन-आधार स्कॅन, बँक स्टेटमेंट, सगळं त्यात. हार्डवेअरवाला म्हणतो, फॉर्मॅट मारला की झालं. पण क्विक फॉर्मॅटमध्ये नुसती फायलींची यादी पुसली जाते ना? सरांचं दुसरंच टोक: डिस्क काढा, हातोडा घाला. मग शाळेनं डिस्क कुठून आणायच्या?

पाच मशीनमध्ये ५०० जीबीच्या साध्या हार्डडिस्क आहेत, चारमध्ये एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवाली डिस्क). दोन्हींना एकच उपाय चालेल? ३५ वेळा पुसावं असंही वाचलं. शिवाय एक मशीन सुरूच होत नाही.

प्रतिसाद १

३५ वेळा विसरा, तो १९९६ सालच्या डिस्कचा हिशोब. आताच्या हार्डडिस्कवर एकदा शून्यं लिहिली की पुरे. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून डिस्कपार्टमध्ये (विंडोजमधलं डिस्क हाताळायचं कमांडवालं टूल) 'क्लीन ऑल' द्या. नुसतं 'क्लीन' नको, त्यानं फक्त पार्टिशन जातात. डिस्कचा नंबर आधी दोनदा बघा, इथे अनडू नाही. काही तास लागतील, रात्री लावून ठेवा.

एसएसडीचं तसं नाही. आतला कंट्रोलर लिखाण कुठल्या कुठे फिरवतो, राखीव जागेतलं जुनं तसंच राहू शकतं. बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडतो तो सेटिंगचा मेनू) 'सिक्युअर इरेज' शोधा, नसेल तर डिस्क बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर.

शेवटी फोटोरेक (पुसलेल्या फायली शोधून काढणारं सॉफ्टवेअर) चालवून काही सापडतं का बघा.

प्रतिसाद २

बंद मशीनची डिस्क काढून दुसऱ्याला जोडून पुसा. डिस्कच मेली असेल तर तिथे सरांचा हातोडा चालू द्या, पण तुकडे भंगारवाल्याला नकोत, नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडेच. (झेरॉक्स मशीन काढताय का? मोठ्या मशीनमध्येही हार्डडिस्क असते, तिची आठवण कुणालाच राहत नाही.)

सिरियल नंबरांची यादी करून मुख्याध्यापकांची पोच घ्या. अॅसेट रजिस्टरचं तुम्हाला काय सांगायचं!

धागाकर्ती

आभार. बायोसमध्ये पर्याय सापडला. आता रिकामी मशीन कशी द्यायची? रॅम ४ जीबीच आहे.

प्रतिसाद १

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाका, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. वर्ड-एक्सेलसारखं लिब्रेऑफिस त्यातच येतं. आणि कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी जोडूनच द्या, नाहीतर पहिला फोन तुम्हालाच येईल.