मदत हवी आहे: होम डिरेक्टरीत बिल्ड केलेलं जीडॅल सिस्टिमचंच जुनं प्रोज उचलतंय

नमस्कार मंडळी. नागपुरात नाग नदीच्या पाणलोटाचे नकाशे करतोय. सामायिक लिनक्स सर्व्हर आहे, रूटचे अधिकार नाहीत, म्हणून नवं प्रोज (नकाशाचे निर्देशांक रूपांतरित करणारी लायब्ररी) आणि त्यावर जीडॅल (भौगोलिक डेटा वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) सोर्समधून सीमेकने (बिल्डचं साधन) बिल्ड करून होममधल्या 'सॉफ्ट' फोल्डरात टाकलंय. इन्स्टॉल प्रीफिक्स दोन्हींना तोच, जीडॅलला प्रीफिक्स पाथही दिलाय.

बिल्ड आणि इन्स्टॉल बिनतक्रार होतं. बिल्ड फोल्डरातून चालवलं तर सगळं ठीक. इन्स्टॉल झालेली प्रत मात्र एलडीडीने (कुठल्या लायब्ररी कुठून लोड होतात ते दाखवणारी कमांड) तपासली की प्रोज सिस्टिमच्या फोल्डरातलं दाखवते. दोन्ही प्रोजचं सोनेम (लायब्ररीच्या फाइलमध्ये नोंदलेलं नाव, ज्यावरून लोडर ती शोधतो) एकच आहे, त्यामुळे लोडर खुशाल जुनं घेतो. मग ईपीएसजी ३२६४४ या निर्देशांक पद्धतीत (आपलं नागपूर यूटीएम झोन ४४ मध्ये येतं) रूपांतर करताना 'प्रोज डॉट डीबी दुसऱ्या इन्स्टॉलेशनची आहे' अशी तक्रार येते.

एलडी लायब्ररी पाथ (लायब्ररी आधी कुठे शोधायच्या ते सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) सेट केला की हे चालतं, पण त्याच टर्मिनलमधून उघडलेलं क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) बिघडतं. तो उपाय मला नकोच.

सीमेक इन्स्टॉल करताना बिल्डचा आरपाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या याचा बायनरीतच लिहिलेला मार्ग) काढून टाकतं, इथवर समजलं. आता इन्स्टॉल आरपाथ हाताने द्यावा, की 'इन्स्टॉल आरपाथ यूज लिंक पाथ' ऑन करणं पुरेल? आणि आरपाथऐवजी रनपाथ (त्याचाच नवा प्रकार) लिहिला गेला, तर तो लायब्ररीला लागणाऱ्या पुढच्या लायब्ररीला लागू होत नाही ना? म्हणजे प्रोजसकट सगळंच पुन्हा बिल्ड करावं लागेल का? कुणी असं केलं असेल तर नेमके पर्याय सांगा, प्लीज. एलडीडीचा पूर्ण आउटपुट लगेच टाकतो.