भिलारेवाडीत दीड गुंठा घ्यावा का? झोन, आराखडा आणि घरकुल योजनेबद्दल माहिती हवीये

वैशाली_कात्रज

नमस्कार मंडळी. आम्ही आंबेगाव पठारला भाड्याने राहतो, मिस्टरांचा टेम्पो आहे आणि मी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, दोघांचं मिळून वर्षाला पाचच्या आसपास होतात. मुलगी यंदा आठवीत गेली. दर अकरा महिन्यांनी घरमालक भाडं वाढवतो त्यामुळे आता काहीही करून स्वतःचं पाहिजे असं ठरवलंय.

भिलारेवाडीत डोंगराच्या पायथ्याला दीड गुंठा बघितलाय. एजंट म्हणतो गाव महापालिकेत आलंय, आराखड्यात रहिवासी झोन आहे, रंगीत नकाशापण दाखवला मोबाईलवर, पिवळा रंग म्हणजे रहिवासी म्हणे. नोटरी करून देतो आणि नंतर तुमच्या नावावर करू असं बोलला. सासूबाई त्यांच्या पाटल्या मोडायला तयार झाल्यात म्हणून मला जास्त धाकधूक होतेय, पैसे गेले तर त्यांना तोंड कसं दाखवणार.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. आमच्या भागाचा आराखडा नक्की झालाय का आणि ते सामान्य माणसाला कळतं कुठे, पेपरात रोज तेवीस गावं तेवीस गावं वाचते पण डोक्यात काही शिरत नाही. दुसरं म्हणजे जागा घेतली तर प्रधानमंत्री आवासचे अडीच लाख मिळतील का. आणि तिसरं, मागे डोंगर आहे तर त्याचा काही प्रॉब्लेम येतो का. कोणी अनुभवी असेल तर प्लीज सविस्तर सांगा, रविवारी टोकन द्यायचंय.

निवृत्त_भूकरमापक

ताई, रविवारी टोकन देऊ नका. बाकी सगळं नंतर वाचा, आधी एवढं करा.

आता तेवीस गावांचं सांगतो, यात चांगले शिकलेले लोक फसतात कारण पुण्यात तेवीस गावं दोनदा आलीयेत. पहिली १९९७ ला, म्हणजे बाणेर, बालेवाडी, वारजे, खराडी, कात्रज, कोंढवा, बावधन खुर्द वगैरे. मग २०१७ ला अकरा गावं आली, त्यात तुमच्या शेजारची आंबेगाव खुर्द, आंबेगाव बुद्रुक, धायरी. आणि २०२१ ला परत तेवीस, त्यात भिलारेवाडी, मांगडेवाडी, जांभूळवाडी-कोळेवाडी, गुजर निंबाळकरवाडी, नऱ्हे, नांदेड, सूस, वाघोली. म्हणजे बावधन खुर्द पहिल्या यादीत आणि बावधन बुद्रुक तिसऱ्या यादीत, आता बोला. तिन्हींचे आराखडे वेगळे वेगळे चाललेत. त्यामुळे पेपरात तेवीस गावं दिसलं की आधी कुठली तेवीस ते बघायचं.

तुमच्या भिलारेवाडीचं असं झालं की २०२१ च्या ऑगस्टमध्ये पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, पूर्ण प्रदेशाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, त्यात ही गावंही होती, हजारोंनी हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ ला राज्य सरकारने तो प्रारूपच रद्द केला. मला दाट शंका आहे की एजंटच्या मोबाईलवर आहे तो हाच नकाशा. प्रारूप म्हणजे कच्चा, आणि तोही आता मोडीत निघालेला, त्यातल्या पिवळ्या रंगावर एक रुपया द्यायचा नाही. नवीन मंजूर होत नाही तोवर १९९७ ची पुणे प्रादेशिक योजना बघावी लागते, आणि तिच्यात डोंगरपायथ्याची बरीच जमीन शेती नाहीतर डोंगरउतारात आहे.

नोटरीचं तर विसरूनच जा. जमिनीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय मालकी येत नाही, नोटरीचा शिक्का म्हणजे फक्त सही समोर झाली एवढंच. मी नोकरीत असताना मोजणीला गेलो की अशी कागदं घेऊन उभे राहिलेले लोक किती बघितले, एकाच अडीच गुंठ्यावर तीन कुटुंबं, तिघांकडे नोटरी. एक बाई तर टेप धरून माझ्यामागे चालत होती, म्हणे साहेब माझं कुठून सुरू होतं ते दाखवा, आणि मला दाखवता येईना कारण सातबाऱ्यावर तिचं नावच नव्हतं. तिचा चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

एजंटकडून फक्त गट नंबर घ्या. त्या नंबरचा सातबारा ऑनलाइन काढा, इतर हक्काचा रकाना नीट वाचा, बँकेचा बोजा, कुळ, तुकडेबंदीचा (जमिनीचे फार लहान तुकडे पाडून विकायला बंदी) शेरा सगळं तिथेच असतं. मग फेरफार काढा. आणि सातबारा व मोजणीचा नकाशा जोडून झोन दाखला मागा, सोबत भाग नकाशापण. त्या कागदावर सहीशिक्क्यानिशी जे लिहिलंय तोच तुमचा झोन. गट नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढे बोलायचं नाही.

लॉटरीवाला_हडपसर

घरकुलाचं मी सांगतो कारण गेल्या पाच वर्षांत हेच केलंय.

ते अडीच लाख तुम्हाला बसत नाहीत ताई. आवास योजना शहरी २.० सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे, तिच्यात स्वतःच्या जागेवर बांधायला किंवा परवडणाऱ्या घराला जे थेट अनुदान आहे ते वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना. तुमचं पाच म्हणजे तुम्ही अल्प उत्पन्न गटात, तुमच्यासाठी व्याज अनुदान आहे. घर पस्तीस लाखांपर्यंतचं, कर्ज पंचवीस लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या आठ लाखांवर ४ टक्के, बारा वर्षांच्या हिशोबाने जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, आणि तेपण एकदम नाही, पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतात. देशात कुठेही कुटुंबातल्या कोणाच्या नावावर पक्कं घर नको. आणि मुख्य म्हणजे यासाठी बँकेचं कर्ज लागतं, आणि नोटरीच्या गुंठ्यावर कुठलीच बँक कर्ज देत नाही. म्हणजे तुम्ही ती जागा घेतली की ही योजना आपोआप हातातून गेली.

त्यापेक्षा म्हाडाकडे बघा. म्हाडात पुणे महानगरासाठी अत्यल्प गटाची मर्यादा वर्षाला सहा लाख आहे, नवरा-बायको दोघांचं उत्पन्न धरून, म्हणजे आवास योजनेत जे अल्प ते म्हाडात अत्यल्प, हा फरक लक्षात ठेवा, लोक चुकीच्या गटात फॉर्म भरतात आणि बाद होतात. आणि घरं फक्त म्हाडाच्या कॉलनीत असतात असं नाही, चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर प्रोजेक्ट असेल तर बिल्डरला २० टक्के घरं या गटांसाठी ठेवावी लागतात, तीच लॉटरीत येतात. चांगल्या सोसायटीतला फ्लॅट बाजारापेक्षा बराच स्वस्त मिळतो.

अधिवास दाखला आत्ताच काढून ठेवा, माझा पहिला फॉर्म त्याच्यावाचून अडला होता, जाहिरात आल्यावर सेतूत एवढी गर्दी होते की वेळेत मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला नाहीतर रिटर्न, दोघांचे आधार-पॅन, सगळं एका फोल्डरमध्ये. म्हाडाने कोणी एजंट नेमलेला नाही, कोणी नंबर लावून देतो म्हटलं तर सरळ फोन ठेवा. मला चौथ्या वेळी लागली. तीनदा नाही लागली तेव्हा बायको म्हणाली गुंठा घेऊन टाकू, तेव्हा घेतला असता तर आज काय झालं असतं कोणास ठाऊक.

टेकडी_पहाट

तिसऱ्या प्रश्नावर बोलते. डोंगराचा प्रॉब्लेम येतो का असं तुम्ही विचारलंय, मला वाटतं डोंगराला आपला प्रॉब्लेम जास्त येतो आणि मग तो पाण्यातून आपल्याकडे परत येतो.

१ः५ पेक्षा जास्त चढ असेल तिथे बांधकामाला परवानगीच नाही, पाच फूट चालल्यावर एक फूट चढलात की ती मर्यादा संपली. पायथ्याला उभं राहून सपाट वाटतं कारण बऱ्याचदा आधीच जेसीबी लावून कापलेलं असतं. जागेवर जाल तेव्हा मागच्या बाजूला उघडी पडलेली माती-मुरमाची भिंत दिसते का ते बघा, दिसली तर ती जागा सपाट नव्हती, केलेली आहे.

हे मी नुसतं निसर्गप्रेम म्हणून सांगत नाहीये. जून २०१३ ला कात्रजच्या नव्या बोगद्याच्या पलीकडे शिंदेवाडीत डोंगर कापून ओढ्याची वाट अडवली होती, एका पावसात पाणी हायवेवर आलं आणि मायलेकी वाहून गेल्या. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र तर कात्रज ते दांडेकर पूल कोणीच विसरणार नाही. आंबिल ओढा याच डोंगरातून निघतो. मी तेव्हा सहकारनगरला राहायचे, रात्री खाली पार्किंगमधून गाड्या एकमेकींवर आपटल्याचे आवाज येत होते आणि लाइट गेलेली, सकाळी पाहिलं तर अरण्येश्वरकडच्या वस्तीत लोक चिखलातून मुलांची दप्तरं शोधत होते. पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून याच पाण्याला शिस्तीत शनिवारवाड्यापर्यंत नेलं होतं, आणि आपण त्याच्या वरच्या अंगाला मुरूम भरून प्लॉट पाडतोय. ज्यांची घरं वाहिली त्यातल्या कित्येकांना कागदावर सगळं ओके आहे असंच कोणीतरी सांगितलं होतं.

म्हणून प्लीज, तुम्ही घर घ्याच, पण तिथे नको.

वारज्याचा_शेतकरी

टेकडीवर फिरायला येणाऱ्यांना बोलणं सोपं आहे, माझंपण ऐका. आमची वडिलोपार्जित जमीन पहिल्या तेवीस गावांत आहे, जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं त्यात गेली. साडेनऊशे हेक्टरच्या वर टेकड्या त्याच्यात आहेत. २०१५ ला सरकारने मंजूर केलं आणि मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे पैसे नाहीत, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. आठ टक्क्यात चार भावांनी काय घ्यायचं? वडील त्या कागदांची पिशवी घेऊन खेटे घालता घालता गेले.

टेकडी राहिली पाहिजे हे मलापण मान्य आहे, लहानपणी तिथेच गुरं चारलीत, करवंदं कुठे लागतात ते मला विचारा. पण पूर्ण शहराने श्वास घ्यायचा आणि किंमत चार घरांनी मोजायची हे बरोबर नाही. मोबदला वेळेत आणि नीट दिला असता तर निम्मे लोक असे गुंठे पाडून विकायच्या फंदात पडले नसते. वैशालीताई तुम्ही घेऊ नका हे मीपण सांगतो, कारण विकणाऱ्याचीपण बहुतेक अशीच कोंडी झालेली असते आणि तो तुमच्या गळ्यात टाकून मोकळा होतो.

टेकडी_पहाट

दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आम्ही सह्यांच्या मोहिमा करतो तेव्हा फक्त आरक्षण उठवू नका एवढंच लिहितो, मालकांना योग्य मोबदला द्या हे त्याच पत्रात लिहायला पाहिजे. पुढच्या निवेदनाचा मसुदा करताना तुम्ही बसाल का आमच्याबरोबर? मनापासून विचारतेय.

वारज्याचा_शेतकरी

बसू. रविवार सोडून, रविवारी भाजी घेऊन बाजारात असतो.

निवृत्त_भूकरमापक

अजून एक राहिलं. ताईंनी विचारलं होतं कळतं कुठे. नवीन प्रारूप आराखडा येईल तेव्हा राजपत्रात आणि पेपरात जाहिरात येते, नकाशे पालिकेत बघायला लावतात आणि वेबसाइटवर टाकतात. तिथून हरकतीला तीस दिवस. हे तीस दिवस फार पटकन जातात. जुन्या शहराचा आराखडा मार्च २०१३ ला आला तेव्हा ८७ हजार हरकती पडल्या होत्या, रांगा लागल्या होत्या, पुढे तो सरकारने ताब्यात घेतला आणि जानेवारी २०१७ ला मंजूर झाला. तेव्हा लोकांनी लिहिलं म्हणून बऱ्याच आरक्षणांवर फेरविचार झाला, त्यामुळे काही फरक पडत नाही म्हणून गप्प बसू नका. भाड्याने राहणाऱ्यालापण हरकत घेता येते. आमच्या भागात शाळा, दवाखाना, परवडणाऱ्या घरांची जागा दाखवा ही सूचनापण चालते, गट नंबर लिहून, साध्या कागदावर, आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यायचीच. पोहोच नसेल तर सुनावणीला बोलावणं आलं नाही म्हणून भांडता येत नाही.

वैशाली_कात्रज

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, रात्री मिस्टरांना आणि सासूबाईंना पूर्ण वाचून दाखवलं. शिंदेवाडीचं ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या नको गं बाई ती जागा.

आज एजंटला गट नंबर मागितला तर म्हणाला मॅडम टोकन द्या मग सगळे कागद दाखवतो, तीनदा मागितला, तीनदा तेच. मग म्हटलं राहू दे. त्याच्यानंतर त्याचा मेसेज आलाय की गुंठ्यामागे पन्नास हजार कमी करतो. उत्तर दिलं नाही.

अधिवास दाखल्यासाठी उद्या हाफ डे टाकलाय. माझा शाळा सोडल्याचा दाखला बारामतीचा आहे आणि लग्नानंतर नाव बदललंय, तर राजपत्र लागेल की विवाह नोंदणी दाखल्यावर चालेल? लॉटरीवाले दादा, तुमच्या मिसेसचं कसं केलं होतं?

लॉटरीवाला_हडपसर

आमचं विवाह नोंदणी दाखल्यावर झालं होतं, सोबत दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र दिलं. मूळ कागद घेऊन जा, नुसत्या झेरॉक्स नको. आणि सकाळी लवकर जा, अकरानंतर सर्व्हर फार स्लो होतो.