मदत हवी आहे: रंगीत वेटोळ्यांचे वॉफल भाजल्यावरही रंगीत कसे राहतील?

लेकीच्या वाढदिवसाला न्याहारीसाठी गुलाबी, पिवळ्या आणि निळ्या वेटोळ्यांचे वॉफल करायचे आहेत. पीठ वेगवेगळ्या वाट्यांत काढून जेल रंग घालते, कारण पातळ रंगाने पीठ सैल होतं. मग पिळायच्या बाटलीतून गरम साच्यात मधून बाहेर गोल गोल सोडते. कच्चं असताना इतकं सुरेख दिसतं! पण भाजल्यावर वरचा थर तपकिरी होतो आणि निळा हिरवट, मळकट दिसायला लागतो. साखर आणि दुधामुळे तपकिरीपणा लवकर येतो, हे माहीत आहे. साखर कमी करून मंद आचेवर जास्त वेळ भाजले तर कुरकुरीत होतील का? की मऊ आणि चिवट? पिवळट झाक जावी म्हणून अंड्याचा फक्त पांढरा भाग कोणी वापरलाय का?

झाकण दाबलं की वेटोळी एकमेकांत मिसळतात, तेव्हा पीठ नेमकं किती घट्ट हवं तेही सांगा.

मनापासून बीट आणि हळदच वापरायची आहे. पण बीटाचा रंग उष्णतेने उडतो आणि खायच्या सोड्याने हळद लालसर होते. सोड्याऐवजी बेकिंग पावडर आणि थोडा लिंबाचा रस घालून कोणाला जमलं असेल, तर प्रमाण नक्की लिहा.