मदत हवी आहे: पावसाळ्यात मेसोपोरस टायटॅनियाची छिद्रं टिकत नाहीत

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मेसोपोरस टायटॅनिया बनवते आहे, म्हणजे २ ते ५० नॅनोमीटरची छिद्रं असलेला टायटॅनियम डायऑक्साइड. एप्रिलमध्ये जमलं होतं, जुलैपासून एकही बॅच धड येत नाही. सप्टेंबरमध्ये सादरीकरण आहे, त्यामुळे झोप उडाली आहे.

कृती अशी: १ ग्रॅम पी-१२३ हे सर्फॅक्टंट (साबणासारखं काम करणारं रसायन) १० ग्रॅम एथेनॉलमध्ये विरघळवते. दुसऱ्या बीकरमध्ये २.८ ग्रॅम टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडमध्ये १.६ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालते. आम्ल नसेल तर पाण्याचा अंश लागताच ते दुधासारखं नासतं. मग दोन्ही एकत्र करून पेट्री डिशमध्ये पातळ ओतते आणि ४० अंशांवर पाच दिवस ठेवते. एथेनॉल उडतं तसतसे पी-१२३चे रेणू जुळून साचा तयार होतो, टायटॅनिया त्याच्याभोवती धरतं. शेवटी भट्टीत साचा जळून जातो आणि त्याच्या जागी छिद्रं उरतात.

एप्रिलची फिल्म इतकी स्वच्छ होती की डिशखालच्या वर्तमानपत्राची बारीक अक्षरंही वाचता येत होती. भट्टीत ३५० अंशांनंतर एक्सआरडीत (क्ष-किरणांनी रचना तपासण्याच्या चाचणीत) लहान कोनाला, ०.९ अंशाला, ठळक पीक मिळालं (म्हणजे छिद्रं रांगेत, सुमारे ९.८ नॅनोमीटरच्या अंतराने) आणि बीईटी, म्हणजे वायू शोषवून मोजलेलं पृष्ठफळ, १५८ चौ. मी. प्रति ग्रॅम.

जुलैची फिल्म मात्र भट्टीआधीच दुधाळ. अक्षरं धुक्यातून दिसावीत तशी. तापवल्यावर लहान कोनाचं पीक गायब, २५.३ अंशाला ॲनाटेजचं (टायटॅनियाच्या एका स्फटिकरूपाचं) पीक एकदम टोकदार, पीकच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्राने कणाचा आकार २२ नॅनोमीटर, बीईटी फक्त ६२.

अडचण अशी की भट्टी आता सामायिक आहे. मिनिटाला १ अंशाऐवजी ५ अंशांनी तापवून थेट ४५० अंशांना न्यावं लागतं. कोल्हापूरचा पाऊस तर माहीतच आहे. मग दोष दमट हवेचा की भट्टीचा? गाइड म्हणतात भट्टी, मला हवेचा संशय येतो. आयसोथर्ममध्ये (वायू शोषणाच्या आलेखात) हिस्टेरिसिस लूप, म्हणजे वायू शोषताना आणि सोडताना वेगळ्या पडणाऱ्या रेषा, अजूनही दिसतो, म्हणून थोडी तरी छिद्रं शिल्लक असतील अशी आशा आहे.

प्रतिसाद

लूपवर विसंबू नका. कणाकणांमधल्या फटींनाही तसाच लूप येतो. एक हिशोब करून बघा: ॲनाटेजची घनता ३.९ ग्रॅम प्रति घन सेंमी धरली, तर २५ नॅनोमीटरच्या भरीव गोळ्यांचं क्षेत्रफळही साधारण ६२ येतं. म्हणजे तुमचा आकडा छिद्रांशिवायही निघतो. आणि ९.८ नॅनोमीटरच्या रचनेत दोन छिद्रांमधली भिंत जेमतेम ४-५ नॅनोमीटरची असणार. २२ नॅनोमीटरचा स्फटिक तिच्यात मावणार कसा? तो वाढला म्हणजे भिंत फोडूनच वाढला. ५ अंशांचा वेग आणि ४५० तापमान याला पुरेसं कारण आहे.

पण फिल्म भट्टीआधीच दुधाळ होती हेही तुम्हीच लिहिलं आहे. दमट हवेत टायटॅनिया घाईने जुळतं आणि साचा रांगेत यायच्या आत घट्ट होऊन बसतं. तेव्हा वाद घालण्यापेक्षा न तापवलेल्या फिल्मचा लहान कोनाचा एक्सआरडी काढा. पीक असेल तर गुन्हेगार भट्टी, नसेल तर रचना डिशमध्येच बिघडली.

हवेसाठी सोपा उपाय: झाकणाच्या मोठ्या डब्यात मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण ठेवा. तळाशी न विरघळलेलं मीठ दिसायला हवं. २५ अंशांना आर्द्रता ५३ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. सुरुवातीचे एक-दोन दिवस डिश त्यात ठेवा, मगच ४० अंशांवर न्या. अधूनमधून झाकण उघडायला विसरू नका, एथेनॉलची वाफ बाहेर पडली पाहिजे.

धागाकर्ती

मनापासून आभार! भिंतीचा हिशोब मला सुचलाच नव्हता. शेवटच्या बॅचची अर्धी फिल्म न तापवता डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या भांड्यात) ठेवलेली आहे. गुरुवारी एक्सआरडीचा स्लॉट मिळतो आहे. मॅग्नेशियम नायट्रेटची बाटली स्टोअरमध्ये सापडली, डबा आजच लावते. पीक आलं की नाही ते इथेच कळवते.