शब्दचर्चा: सुट्टीच्या दिवशीचं निवांत घरचं जेवण – बेत, पंगत की अंगतपंगत?

नौपाडा, ठाणे
सुट्टीचा दिवस, घरचीच माणसं, पाहुण्यांसाठी मांडतो तसा थाट नाही, पण रोजच्या डब्याहून वेगळं आणि घाई नसलेलं जेवण. याला मराठीत नेमका शब्द कोणता? ‘घरगुती जेवण’ हा खानावळीच्या पाटीवरचा शब्द आहे, घरात कुणी तसं म्हणत नाही. ‘स्नेहभोजन’ मंडळाच्या पत्रिकेत शोभतं. ‘मेजवानी’ म्हटली की यजमान आणि पाहुणे आलेच, फारसीत मेजबान म्हणजे यजमान. ‘सहभोजन’ या शब्दाला जातिभेदाविरुद्धच्या चळवळीचा संदर्भ आहे. तो रविवारच्या जेवणासाठी वापरून पातळ करू नये असं मला मनापासून वाटतं.

ऐरोली
बोलण्यातला शब्द ‘बेत’. ‘आज काय बेत?’ एवढं विचारलं की पुरतं. पण तो पदार्थाला चिकटतो. मसालेभाताचा बेत, भरल्या वांग्यांचा बेत, रविवारी मटणाचा बेत. साध्या वरणभाताचा सहसा बेत होत नाही, कारण ठरवणं हा बेताचा गाभा आहे. सगळे मिळून बसणं मात्र त्यात येत नाही. एकटा माणूससुद्धा स्वतःपुरता बेत करू शकतो.

कळवा
मग ‘अंगतपंगत’ घ्या. पंगत हा पंक्तीवरून आलेला शब्द. अंगाला अंग लावून बसतात म्हणून अंगत, अशी फोड काही जण करतात, ती मला पटत नाही. आजूबाजू, अदलाबदल यांतल्या ‘आजू’ आणि ‘अदला’सारखंच ‘अंगत’ हे पुढे जोडलेलं नादापुरतं रूप आहे. नेमक्या त्या नादामुळे पंगतीतला औपचारिकपणा गळून पडतो.

खारघर
थोडी दुरुस्ती सुचवतो. अंगतपंगत म्हणजे प्रत्येकाने आपापलं आणायचं आणि वाटून खायचं. शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलं डबे उघडून बसतात ती अंगतपंगत. एकाच स्वयंपाकघरातून सगळं आलं तर तिथे हा शब्द सैल पडतो. पण एक भाऊ घोडबंदरला, बहीण वाशीत, आईवडील नौपाड्यात, आणि प्रत्येक जण एकेक पदार्थ घेऊन येतो, तेव्हा तो चपखल बसतो.

मात्र काय न्यायचं ते विचार करून ठरवावं. रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचा मेगाब्लॉक असला तर प्रवास लांबतो. काकडीची कोशिंबीर तयार करून नेली तर मिठाने काकडीला पाणी सुटतं आणि पोचेपर्यंत तिचं सार होतं. काकडी चोचवून कोरडी न्यावी, दाण्याचं कूट वेगळ्या डबीत. मीठ, लिंबू, फोडणी जेवायला बसताना. अळूवडीचे उंडे उकडून पूर्ण गार करून अख्खे न्यावेत आणि तिथे कापून तळावेत. गरम असताना कापले तर पदर सुटतात. ओलं खोबरं उन्हाळ्यात लवकर आंबतं, ते ज्याच्या घरी जेवायचं त्याच्याकडेच खवावं. भात आणि कढी हीसुद्धा त्या घरची जबाबदारी.

कोपरी, ठाणे
शब्द ठरवताना एक गोष्ट सुटते आहे. पंगतीला वाढपी लागतो. पहिली पंगत, दुसरी पंगत, आणि रांधणारी बाई सगळ्यांच्या मागून. ‘पंगत’ या शब्दात कुणीतरी उभं असणं गृहीतच आहे. अंगतपंगतीत वाढपी नसतो, हा मला दोन शब्दांतला खरा फरक वाटतो. म्हणून माझी कसोटी अशी: सगळे बसल्यावर गॅसपाशी कुणी उभं आहे का? असेल तर ती अंगतपंगत नव्हे, भले माणसं चारच असोत.

या कसोटीवर थालीपीठ, पुऱ्या, घावन हे पदार्थ बाद होतात. ते तव्यावरून किंवा कढईतून थेट पानात यायला हवेत, आणि करणारा माणूस जेवणातून वजा होतो. मसालेभात आणि कढी मात्र टिकतात.

चार-पाच माणसांना दोन मोठ्या वाट्या तांदूळ. वाडा कोलम असेल तर उत्तम. याला झिनी असंही म्हणतात, 2021मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाडा तालुका 1 ऑगस्ट 2014पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, तेव्हा हा आपल्या घरचाच तांदूळ. धुऊन अर्धा तास निथळत ठेवावा. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याच्या फोडणीवर पाव किलोपेक्षा थोडी कमी, उभी चिरलेली तोंडली परतावीत, मग तांदूळ तीन-चार मिनिटं. दोन चमचे गोडा मसाला, मीठ, गुळाचा खडा. पाणी उकळतंच घालायचं: जुन्या तांदळाला चार वाट्या, नव्याला तीन ते साडेतीन. इथेच बहुतेकांचा भात बिघडतो. गार पाणी घातलं की उकळी यायला वेळ लागतो, तोवर तांदूळ कोमट पाण्यात फुगत राहतो आणि शितं चिकटतात. झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं, गॅस बंद करून आणखी दहा. मधे ढवळू नये, शितं मोडतात.

कढीला तीन वाट्या आंबट ताकात एक मोठा चमचा डाळीचं पीठ गार असतानाच घुसळून घ्यावं आणि पहिली उकळी येईपर्यंत ढवळत राहावं. आंबट ताक तापलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या धरतात, म्हणजे कढी फुटते. पीठ त्यांना जवळ येऊ देत नाही. मीठ शेवटी. तासभर आधी करून ठेवली तर जेवताना नुसती कोमट करावी, पुन्हा खळखळून उकळू नये.

दिवाळे, बेलापूर
भाकरीवाल्यांनाही कसोटी जमते. आमच्याकडच्या गावठाणांत भाकरी म्हणजे तांदळाची. कोरड्या पिठाची केली तर गार झाल्यावर कडक होते, म्हणून उकड काढावी. एक वाटी पिठाला साधारण एक वाटी पाणी, मीठ घालून उकळवायचं, पीठ घालून झाकायचं, वाफ मुरली की हाताला पाणी लावून गरम असतानाच मळायचं. पीठ आधीच शिजलेलं असल्याने कपड्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या दोन-तीन तास मऊ राहतात. आदल्या तासात सगळ्या भाजून घेतल्या की भाजणारीही मांडी घालून बसते.

नौपाडा, ठाणे
मंडळी, कोपरीकरांची कसोटी पटली. मग वापर असा करता येईल. एकाच घरचं जेवण असेल तर ‘रविवारी मसालेभाताचा बेत आहे, एक वाजता सगळे एकदमच बसू’. माणसं आपापलं घेऊन येणार असतील तर ‘रविवारी अंगतपंगत करू, तू कोशिंबीर आण’. पहिल्या वाक्यात ‘एकदमच’ हवंच, नाहीतर कुणीतरी मागे राहतं.

कळवा
क्रियापदंही तेच सांगतात. बेत ठरतो, जमतो, फसतो. पंगत बसते, उठते. अंगतपंगत आपण करतो.